एका बंदराची दोन नावे



वसंतातल्या या ज्ञानसत्रात राष्ट्रांचे अर्थकारण, महापुरुषांची चरित्रे, विज्ञानाचे नवे शोध असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच लहान. युरोपच्या पश्चिम टोकाला वेल्स नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पेंब्रोकशर नावाचा जिल्हा आहे, आणि त्या जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर फिशगार्ड नावाचे एक बंदर आहे. शेजारचे गुडिक धरले तरी या जुळ्या गावांची वस्ती पाच हजारांच्या आसपास. तेथून आयर्लंडमधल्या रॉसलेअरला बोट जाते आणि तीन-साडेतीन तासांत पैलतीर गाठते. बोटीत चढण्याची घाई असलेला उतारू गावाच्या नावाकडे कशाला लक्ष देईल? पण त्याने क्षणभर थांबून पाटी वाचली, तर तीवर त्याला दोन नावे दिसतील. एक फिशगार्ड, दुसरे अबरग्वाइन. या दोन नावांचा अर्थ काय, ती कोणी दिली, आणि एक असताना दुसरे हवेच कशाला, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

पाटीवर दोन भाषा दिसल्या की आपण सहज धरून चालतो, की एक ओळ मूळ आणि दुसरी तिचा तरजुमा. येथे तसे नाही. ही दोन नावे एकमेकांचे भाषांतर नाहीत. त्यांचा एकमेकांशी अर्थाने काहीही संबंध नाही. मग प्रत्येकीचा अर्थ स्वतंत्रपणेच शोधला पाहिजे.

प्रथम फिशगार्ड घेऊ. ज्याला इंग्रजी येते त्याला हे नाव फार सोपे वाटते. फिश म्हणजे मासा, गार्ड म्हणजे पहारेकरी. झाला अर्थ! आता मासळीवर पहारा कोण आणि कशासाठी करील, ही शंका मनात आली, तर इतिहास उत्तर देण्यास तत्पर आहेच. १७९७ सालच्या फेब्रुवारीच्या २२ तारखेला फ्रेंचांची सुमारे चौदाशे माणसांची फौज या गावाजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरली. तिचा नायक होता विल्यम टेट नावाचा अमेरिकन. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, गुडिकच्या वाळवंटात या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. ब्रिटनच्या भूमीवर परक्या सैन्याने केलेली ही शेवटची स्वारी. जेमायमा निकोलस नावाच्या एका चांभारणीने हातात गवताचा काटा घेऊन डझनभर फ्रेंच शिपाई एकटीने धरून आणले, अशी आख्यायिका तेथे आजही मोठ्या कौतुकाने सांगतात. अशा गावाच्या नावात पहारेकरी असावा, हे किती शोभून दिसते!

परंतु शोभून दिसणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याच स्वारीने आपल्यासाठी एक पुरावा मागे ठेवला आहे. फ्रेंच फौजेला घेऊन आलेल्या जहाजांपैकी ‘रेझिस्टान्स’ नावाचे एक जहाज इंग्रजांनी पुढच्याच महिन्यात पकडले आणि त्या प्रसंगाची आठवण म्हणून त्याला या गावाचे नाव दिले. ते नाव ‘फिशगार्ड’ असे लिहिले नाही. ‘फिसगार्ड’ असे लिहिले. त्या काळी नावाचे हे रूप सर्रास चालत असे. पुढे हेच नाव दुसऱ्या एका युद्धनौकेला मिळाले, ती नौका पॅसिफिक महासागरात गेली, आणि तिच्यावरून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १८६० साली बांधलेल्या दीपगृहाचे नाव फिसगार्ड पडले. गावाने आपले जुने रूप टाकले, पण हजारो मैलांवरच्या दीपगृहाने ते जपले. आजचे ‘फिश’ आणि ‘गार्ड’ हे इंग्रजी कानाने मागाहून केलेले संस्कार होत. न कळणाऱ्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवायचा, ही लोकांची जुनी खोड आहे.

त्या अंगरख्याखाली जो शब्द आहे तो इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, म्हणजे ज्यांना आपण व्हायकिंग म्हणून ओळखतो त्यांचा आहे. त्यांच्या भाषेत तो ‘फिस्कीगार्दर’ असा होता. ‘फिस्की’ म्हणजे मासा, हे उघड आहे. ‘गार्दर’ म्हणजे कुंपण, किंवा कुंपण घालून बंदिस्त केलेली जागा. इंग्रजीतला पहारेकरी ‘गार्ड’ हा फ्रेंचांच्या मार्फत आलेला अगदी वेगळा शब्द आहे. त्याचे सख्खे भावंड म्हणजे इंग्रजीतलाच ‘वॉर्ड’. आपल्या गावाच्या नावाशी त्याचे नाते नाही.

मग माशांचे कुंपण म्हणजे काय? समुद्र उथळ असेल तेथे, किंवा नदीच्या मुखाशी, दगडांचा किंवा खुंट रोवून त्यांत फांद्या विणून केलेला एक बुटका बांध घालायचा. त्याचा आकार अर्धवर्तुळासारखा, नाही तर दोन हात पसरून ओंजळ करावी तसा. भरतीच्या वेळी पाणी या बांधावरून आत येते आणि पाण्याबरोबर मासेही येतात. ओहोटी लागली की पाणी दगडांच्या फटींतून निघून जाते. मासे आत अडकतात. माणसाने टोपली घेऊन जावे आणि वेचून आणावेत. जाळे नको, होडी नको. सारे काम चंद्र आणि समुद्र करतात. फिशगार्डच्या ईशान्येला तैवी नदीच्या मुखाशी असा एक प्रचंड दगडी बांध पाण्याखाली आहे. २००९ च्या सुमारास हवाई छायाचित्रांवरून अभ्यासकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. तो हजारेक वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

आता श्रोतेहो, ‘गार्दर’ या शब्दाकडे थोडे निरखून पाहा. इंग्रजीतले ‘यार्ड’ म्हणजे अंगण आणि ‘गार्डन’ म्हणजे बाग, जर्मनांचा ‘गार्टेन’, रशियनांच्या ‘नोव्हगोरोद’मधला ‘गोरोद’ आणि सर्बांच्या ‘बेलग्राद’मधला ‘ग्राद’ म्हणजे शहर, ही सारी या शब्दाच्या गोतावळ्यातली मंडळी. सर्वांच्या मुळाशी कल्पना एकच: कुंपण घालून आपली केलेली जागा. आपल्यापैकी कोणाच्या मनात येथे ‘गड’ हा शब्द डोकावला असेल. त्याला आवरलेले बरे. नुसता ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. भाषांच्या नात्याला ध्वनिबदलांच्या नियमांची साक्ष लागते. ती साक्ष आपल्याकडच्या दुसऱ्याच एका शब्दाच्या बाजूने पडते, आणि तो शब्द म्हणजे संस्कृतातला ‘गृह’. मूळ शब्दात ‘घ’ आणि ‘ध’ असे दोन महाप्राण होते. संस्कृताला एका शब्दात असे दोन महाप्राण लागोपाठ सोसत नाहीत. म्हणून पहिला ‘ग’ झाला, आणि दुसरा झिजून ‘ह’ उरला. जर्मन कुळातल्या भाषांत तेच दोन ध्वनी ‘ग’ आणि ‘द’ झाले. आणि ‘गृह’ प्राकृतातून उतरत उतरत आपल्या तोंडी आला तो ‘घर’ होऊन. म्हणजे वेल्सच्या त्या बंदराच्या नावात, पहारेकऱ्याच्या अंगरख्याखाली, आपल्या रोजच्या बोलण्यातला घर हा शब्द बसलेला आहे!

ही नॉर्स माणसे त्या गावी किती होती, किती काळ राहिली? जमीन याविषयी मौन आहे. त्यांच्या वस्तीचे ठाम अवशेष तेथे सापडलेले नाहीत. त्यांच्या येण्याची साक्ष देते ते नावच. आणि हे नाव एकटे नाही. वेल्सच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर अशा नावांची माळच लागली आहे. स्वॉन्सी म्हणजे स्वेन नावाच्या कोणा माणसाचे बेट. त्यात हंसही नाही आणि समुद्रही नाही. मिलफर्ड म्हणजे वाळूच्या दांड्याची खाडी. कॅल्डी म्हणजे थंड बेट, ग्रासहोम म्हणजे गवताचे बेट. ही नावे कोणत्या गोष्टींची आहेत, ते लक्षात घ्या. बेटे, खाड्या, वाळूचे दांडे, मासे धरण्याच्या जागा. जहाजाच्या सुकाणूवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला जे जे दिसते आणि ज्याची ज्याची त्याला गरज असते, त्याची ही यादी आहे. किनाऱ्यापासून कोसभर आत गेलात तर ही यादी विरळ होत जाते. फिशगार्ड हे गावाला समुद्रावरून दिलेले नाव आहे.

आता दुसरे नाव, अबरग्वाइन. हे वेल्श भाषेतले आणि वेल्श माणसाला समजावून सांगावे न लागणारे. ‘अबर’ म्हणजे नदीचे मुख, आणि ग्वाइन ही नदी. ‘ग्वाइन’ या शब्दाचा अर्थ ओलसर माळ, पाणथळ कुरण. ही नदी प्रेसेली नावाच्या डोंगरातून उगम पावते, एका अरुंद, झाडीने भरलेल्या खोऱ्यातून वाहत येते आणि गावाच्या खालच्या आळीशी समुद्राला मिळते. त्या खोऱ्यातले लोक मोठे चिवट. ब्रिटनने १७५२ साली आपले पंचांग बदलले आणि वर्षातले अकरा दिवस गाळून टाकले. ग्वाइनच्या खोऱ्याने ते राज्यव्यवहारापुरते मानले, पण आपले जुने नववर्ष सोडले नाही. आजही तेथे जानेवारीच्या १३ तारखेला ‘हेन गालान’, म्हणजे जुना पाडवा, साजरा होतो आणि मुले दारोदार गाणी म्हणत खाऊ व पैसे गोळा करतात.

अशा लोकांनी आपल्या गावाला नाव दिले ते नदीवरून. त्यांना समुद्र दिसत नव्हता असे नाही. पण ते डोंगराकडून खाली येत होते, आणि त्यांच्या दृष्टीने हे ठिकाण म्हणजे आपली नदी जेथे संपते ती जागा. हीच गोष्ट इतरत्र पाहा. ज्या शहराला नॉर्स खलाशांनी स्वेनचे बेट म्हटले, त्याला वेल्श लोक म्हणतात अबरतावे, तावे नदीचे मुख. जेथे खलाशाला वाळूच्या दांड्याची खाडी दिसली, तेथे वेल्श माणसाला दोन क्लेदाइ नद्यांचे मुख दिसले, आणि त्याने त्या अर्थाचे लांबलचक नाव ठेवले. एकच जागा, एकाने ती पाण्यावरून पाहिली, दुसऱ्याने डोंगरावरून. नाव हे त्या जागेचे वर्णन असतेच. पण त्याहून अधिक ते नाव देणारा कोठे उभा होता याची नोंद असते. आमच्या आजच्या बोलण्याचे सूत्र म्हणाल तर एवढेच आहे.

या ‘अबर’ शब्दातही आपल्याला एक ओळखीचा चेहरा दिसतो. अभ्यासक याची फोड ‘अद्’ आणि ‘बेर’ अशी करतात. ‘अद्’ म्हणजे कडे, आणि ‘बेर’ म्हणजे वाहणे, नेणे. नदी जेथे आपले पाणी वाहून आणून ओतते ते ‘अबर’. स्कॉटलंडमधल्या अबर्डीनच्या आरंभीही हाच शब्द आहे. यातला ‘बेर’ म्हणजेच संस्कृतातला ‘भृ’ धातू; त्याच्यापासून आपला ‘भार’ झाला, ‘भरणे’ झाले, आणि समुद्राची ‘भरती’ही झाली. म्हणजे त्या गावाच्या एका नावात आपले घर आहे आणि दुसऱ्या नावात आपली भरती!

हा केवळ विनोदी योगायोग नव्हे. हे नाते प्रथम ठळकपणे मांडले गेले ते आपल्याच देशात. १७८६ सालच्या फेब्रुवारीच्या २ तारखेला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कोण्या एका उगमातून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी त्यात सांगितले. पुढे त्यांनी आणखी दोन नावे जोडली: गॉथिक आणि केल्टिक. गॉथिक म्हणजे ज्या कुळात नॉर्स येते ते कूळ. केल्टिक म्हणजे ज्या कुळात वेल्श येते ते. जोन्स यांचे वडील वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचे. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर ‘पाय’ या अक्षराने दाखवण्याची प्रथा त्यांनीच १७०६ साली पाडली. स्वतः विल्यम जोन्स लंडनमध्ये जन्मले. परंतु कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून येण्यापूर्वी काही वर्षे ते वेल्समधल्या फिरत्या न्यायालयांत वकिली करीत असत, आणि त्या फेरीत पेंब्रोकशरही येत असे. त्यांनी अनुमान केले. त्याला शास्त्राचा पाया नंतरच्या पंडितांनी घातला. जर्मन पंडित बोप यांनी १८१६ साली क्रियापदांच्या रूपांची तुलना केली, आणि झोइस यांनी १८५३ साली केल्टिक भाषांचे व्याकरण सिद्ध केले. ज्या दोन कुळांचा जोन्स यांनी उल्लेख केला, त्या दोन्ही कुळांची मुद्रा या एका लहान गावाच्या पाटीवर उमटलेली आहे.

बोटीत बसून पैलतीराला गेलो, तरी हेच चित्र पुन्हा दिसते. रॉसलेअर ज्या परगण्यात आहे तो वेक्सफर्ड. हे नावही नॉर्स. चिखलपट्ट्यांची खाडी असा त्याचा अर्थ. आणि आयरिश लोक त्याच शहराला म्हणतात लॉख गारमन. दोन्ही किनाऱ्यांवर खलाशांची नावे वर आहेत आणि खाली, जमिनीच्या थरात, केल्टिक नावे आहेत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने गुडिकचा कडा सुरुंगाने फोडून १९०६ साली आजचे बंदर उघडले, तेव्हा या दोन किनाऱ्यांमधली जुनी वाट नव्याने वाहती झाली, एवढेच.

येथवर आम्ही जे सांगितले ते ऐकून कोणी म्हणेल, की हे सारे पंडितांचे मनोरंजन झाले. यात अडले कोणाचे? अडले आहे ते असे. फिस्कीगार्दर हा शब्द ज्यांनी उच्चारला, त्यांची भाषा त्या किनाऱ्यावरून केव्हाच नाहीशी झाली. शब्द राहिला, पण त्याचा अर्थ सांगणारे तोंड राहिले नाही. आणि म्हणूनच त्याच्या अंगावर भलताच अंगरखा चढला. अबरग्वाइनचे तसे झालेले नाही. तेथल्या शाळकरी पोराला विचारा, तो सांगेल: नदीचे मुख. हा फरक नावांतला नाही. बोलणाऱ्यांच्या असण्या-नसण्यातला आहे.

आणि ते असणे आज सुरक्षित नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्सच्या न्यायालयांतून वेल्श भाषा हद्दपार झाली. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवीत. १९११ च्या शिरगणतीत शेकडा ४३.५ लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये ते शेकडा १७.८ उरले. १९६२ साली सॉन्डर्स लुइस या नाटककाराने नभोवाणीवरून या भाषेच्या भवितव्यावर एक व्याख्यान दिले. त्यातून त्याच वर्षी भाषेसाठी झगडणारी संघटना उभी राहिली. तिच्या तरुणांनी रस्त्यांवरच्या नुसत्या इंग्रजी पाट्यांना काळे फासले, त्या उखडल्या, आणि त्यासाठी तुरुंगही भोगला. आज वेल्समध्ये दोन भाषांत पाट्या दिसतात त्या आपोआप आलेल्या नाहीत. २०११ साली वेल्श भाषेला कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. व्याख्यानाने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आता तेथे वारे आणखी पुढे वाहू लागले आहे. स्नोडोनिया या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाच्या कारभाऱ्यांनी २०२२ साली एरेरी हे वेल्श नावच वापरायचे ठरवले, आणि २०२३ साली ब्रेकन बीकन्सनेही तोच मार्ग धरला. जी भाषा शतकानुशतके दाराबाहेर उभी होती, तिने आपल्या डोंगरांना आपल्या नावाने हाक मारावी, यात आम्हांला काहीच गैर दिसत नाही. पण हाच न्याय डोळे मिटून अबरग्वाइनला लावावा काय? फिशगार्ड हे नाव वरवर इंग्रजी दिसते म्हणून ते जेत्यांनी लादलेले आहे, असे समजून खोडून टाकावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या नावात जेता नाही. त्यात ओहोटीची वाट पाहणारे कोळी आहेत, आणि ते तेथे आले होते याची दुसरी फारशी साक्ष उरलेली नाही. ते नाव गेले तर समुद्रावरून पाहिलेले गाव गेले.

उलट बाजूने, पाटीवर जागा कमी पडते, परक्या उतारूला उच्चार जमत नाही, म्हणून अबरग्वाइन गाळावे म्हणणारेही असतात. त्यांना आमचे सांगणे असे, की ते नाव गाळले तर नदी गेली, खोरे गेले, आणि जानेवारीच्या १३ तारखेला गाणी म्हणत फिरणारी मुलेही पाटीवरून गेली. फिशगार्डचा अर्थ आपल्याला कोशातून खणून काढावा लागला. अबरग्वाइनवर ती वेळ येऊ नये, एवढी काळजी घेणे हे त्या मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या हाती आहे. भाषा घरात बोलली जाते तोवरच नावाला अर्थ असतो. पाटी रंगवून तो राखता येत नाही.

म्हणून श्रोतेहो, दोन्ही नावे असू द्यावीत. एकाच गावाला दोन बाजूंनी दोन वाटा येतात, तशीच ही नावे आहेत. एक वाट समुद्रावरून येते, दुसरी डोंगरावरून, आणि जो दोन्ही वाटा चालून जातो त्यालाच गाव पुरते कळते. पाच हजार वस्तीच्या गावाचे नाव उलगडताना आपण नॉर्वेच्या खलाशांपासून कलकत्त्याच्या न्यायाधीशापर्यंत जाऊन आलो आणि वाटेत आपलेच दोन शब्द आपल्याला भेटले. आपल्या परिसरातली नावे उच्चारतानाही, हे नाव देणारा कोठे उभा होता, एवढा एक प्रश्न जर आपण मनाशी विचारलात, तर आमच्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.